योतामची शाबासकी

योताम साकालाच्या लग्नात मध्यस्थ मी होतो. आमच्याकडे लग्न लागलं म्हणून मध्यस्थाची सुटका होत नाही. नवरा-बायकोचं बिनसलं, सासरच्यांचा मान राहिला नाही, कुणी कुणाला वाकडं बोललं, की दोन्हीकडची माणसं मध्यस्थाच्याच दारात येऊन बसतात. म्हणून ही हकीगत मला सगळ्यांच्या तोंडून ऐकायला मिळाली. थोडी डोळ्यांनीही पाहिली, कारण लुआंग्वा नदीकाठच्या ज्या कॅम्पातून योताम पाहुण्यांना पायी जंगलात न्यायचा, त्याच कॅम्पात मी स्वयंपाकी आहे. निखाऱ्यांत पत्र्याची ट्रंक पुरून तिच्यात पाव भाजतो.

योताम दिसायला उमदा आणि आवाजाने खर्जातला. गाइडच्या परीक्षेत आधी नापास झाला होता. मग पास झाला आणि त्याची चालच बदलली. रोज सकाळी पाहुण्यांना चिंचेखाली उभं करायचा, आपल्या बुटांवरची धूळ झटकायचा आणि नियम सांगायला लागायचा. एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही. मी हात वर केला की थांबायचं. मग आवाज खाली आणून म्हणायचा, "आणि काही झालं तरी पळायचं नाही. समोर कुणीही येवो. उभ्या माणसाकडे बघून जनावर जरा विचार करतं. पळणाऱ्याबद्दल त्याला विचार करावा लागत नाही." पाहुणे एकमेकांकडे बघून हसायचे, पण घाबरलेलं हसू. मला ते भाषण पाठ होतं. कांदा चिरताना मी त्याच्याबरोबर ओठ हलवायचो.

रांगही ठरलेली. सगळ्यांत पुढे बंदूक घेऊन लेव्हिसन. फार न बोलणारा माणूस. त्याच्यामागे योताम, मग पाहुणे, आणि शेवटी चहाची टोपली डोक्यावर घेतलेला जायलोस. हा जायलोस योतामच्या बायकोचा, एनेलेसीचा थोरला भाऊ. आमच्यात लग्नानंतर पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो, थोरला भाऊ मात्र आईच्या गावीच राहतो, आणि बहिणींच्या घरादारावर भावाचा शब्द चालतो. त्यामुळे कॅम्पात योताम वरचा आणि जायलोस खालचा, तर नदी ओलांडून घरी आलं की जायलोस वरचा आणि योताम खालचा. दाजी-मेव्हण्याने एकमेकांची टर उडवायची, ही रीतच. न उडवली तर लोक विचारतात, भांडलात का?

"दाजी," जायलोस म्हणायचा, "बूट पुसतोस तेवढं माझ्या बहिणीकडे बघितलं असतंस तर ती आज राणी दिसली असती."

"बुटांना तोंड नसतं, मेव्हणे. तुमच्या बहिणीला दोन आहेत."

"आणि तुला? तू बोलून बोलून हत्तींना झोपवतोस, म्हणून लेव्हिसनची बंदूक गंजली."

लेव्हिसनसुद्धा हसायचा. असे दिवस होते.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. नदी आटून मधल्या धारेला गेली होती, काठची डबकी सुकून त्यांच्या तळाला तडे गेले होते. कॅम्पात तीन पाहुणे आले होते. एक म्हातारं जोडपं, आणि त्यांची मैत्रीण हेलनबाई. बाई उंच, सडपातळ, बोलायला गोड. पाव मी कसा भाजतो ते बघायला मुद्दाम स्वयंपाकघरात आल्या होत्या आणि ट्रंक बघून टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या सकाळी हे सगळे निघाले आणि ऊन चढायला लागल्यावर एका सुकलेल्या तळ्याच्या काठी, गोरखचिंचेखाली चहाला थांबले. झाडापलीकडे तळ्याचा उघडा तळ, अलीकडे पुढे-मागे दाट झाडी, आणि तळ्यात उतरायला झाड आणि झाडी यांच्यामधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. पुढच्या वाटेवर रानरेड्यांचं ताजं शेण दिसलं, म्हणून लेव्हिसन हाकेच्या अंतरावर काठावर चढून बघायला गेला. जायलोसने टोपली उतरवली, कप मांडले, किटली हातात घेतली.

तेवढ्यात समोरच्या झाडीतून हत्तीचं पिल्लू बाहेर आलं. अगदी लहान, सोंडेचं काय करावं हेच त्याला कळत नव्हतं. सोंड तोंडात घालून बघत होतं, मग पायाखाली यायची. हेलनबाईंनी तोंडावर हात धरला. म्हाताऱ्याने कॅमेरा काढला. योतामने त्यांना हळूच पुढे घेतलं, "इथून घ्या, उजेड चांगला आहे."

आमच्या इथलं शाळकरी पोरही पिल्लू दिसलं की आधी आईला शोधतं. योतामलाही ते ठाऊक होतं. तो मला पुढे म्हणाला, "झेब्रोनकाका, बाईंचा तो आनंद बघितला आणि वाटलं, हे पिल्लू जणू मीच त्यांना दाखवायला आणलंय. आई कुठे आहे हे मी बघितलंच नाही."

आई पाठीमागच्या झाडीत होती. म्हणजे पिल्लू एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ही माणसं. ती आली तेव्हा आधी फांद्या मोडल्याचा आवाज आला, मग चीत्कार, मग ती पसरलेल्या कानांनिशी दिसलीच.

अशा वेळी गाइडने काय करायचं ते ठरलेलं आहे. पाहुण्यांना झाडामागे ढकलायचं, स्वतः पुढे व्हायचं, हात वर करून ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या. बहुतेक वेळा हत्तीण थांबते. योतामने हे याआधी केलेलं होतं, मी खोटं सांगत नाही. त्या दिवशी त्याने केलं नाही. तो पळाला.

पळायला ती एकच चिंचोळी वाट होती आणि तिच्यात किटली घेऊन जायलोस उभा होता. योतामने दोन्ही हातांनी त्याला छातीवर ढकललं. जायलोस गोरखचिंचेच्या मुळावर आडवा पडला, उकळता चहा मातीत गेला, उजवा हात अंगाखाली मोडला. योताम त्याच्यावरून उडी टाकून तळ्याच्या उघड्या तळात गेला आणि पळत सुटला.

हत्तिणीला दिसलं पळणारं माणूस. ती बाकीच्यांना सोडून त्याच्यामागे वळली.

"पाय माझे नव्हतेच, काका," तो म्हणाला. "मागे तिचा श्वास ऐकू येत होता. तेव्हा मला ना पाहुणे आठवले, ना मेव्हणा, ना मालिता." मालिता त्याची मुलगी. "माझ्या पोरीचं तोंडसुद्धा डोळ्यांपुढे आलं नाही. फक्त मी होतो."

तळ्याच्या पलीकडे एक घळ आहे. तो तिच्यात पडला. लेव्हिसनने काठावरून हवेत गोळी झाडली. हत्तीण घळीच्या तोंडाशी थांबली, माती उधळली, जरा वेळ तिथेच पाय आपटत राहिली आणि मग पिल्लाकडे परत गेली.

घळीत योताम तसाच बसून राहिला. त्याची चड्डी ओली झाली होती. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा बाजूलाच चिखलाचं थोडं पाणी उरलेलं दिसलं. तो सरकत सरकत त्या चिखलात जाऊन बसला, म्हणजे कुणाला काही कळू नये. हे सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही ट्रंकेवरचे निखारे सारखे करत बसलो.

सगळ्यांत आधी त्याच्यापाशी हेलनबाई पोचल्या. त्या रडत होत्या. खाली उतरून त्यांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "तू तिला आमच्यापासून लांब नेलंस," त्या म्हणाल्या. "तू आमच्यासाठी जीव धोक्यात घातलास. आणि त्या बिचाऱ्यालाही तिच्या वाटेतून बाजूला ढकललंस. मी बघितलं. सगळं बघितलं मी."

योतामला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं, पण दम लागला होता. वर काठावर जायलोस मोडका हात दुसऱ्या हातात धरून उभा होता. बाईंनी पुन्हा विचारलं, "हो ना? त्याला वाचवायलाच ढकललंस ना?" योतामने जायलोसकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

ते परत आले तेव्हा मी जेवणाची तयारी करत होतो. हेलनबाई चालत चालतच सांगत होत्या, म्हातारा मध्ये मध्ये भर घालत होता, आणि कॅम्पच्या मालकीण मॅडम गालांवर हात ठेवून ऐकत होत्या. जेवणाच्या टेबलापाशी सगळी नोकरमंडळी गोळा झाली. मॅडमनी योतामला जवळ घेतलं. मग जायलोसला दवाखान्यात न्यायला गाडी आली, तो टॉवेलात हात बांधून चढायला निघाला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जायलोस, अरे, जीव वाचवला त्याने तुझा. आभार तरी मान."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी दारात उभा होतो आणि मला जायलोसचा चेहरा दिसत होता. आमच्यात आभार मानताना गुडघे वाकवून दोन्ही तळहातांनी हळू टाळी वाजवतात. त्याला टाळी वाजवता येईना. त्याने गुडघे वाकवले आणि डाव्या हाताने मांडीवर थापट्या मारल्या. "उपकार झाले, साहेब," तो म्हणाला.

साहेब! मला वाटलं ही मेव्हण्याची टर असेल. पण कुणी हसलं नाही, आणि जायलोस तर नाहीच.

पुढे जे झालं ते योतामच्या हातात राहिलं नाही. नदीपलीकडे गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. होडीवाल्याने त्याला पुढच्या पाटावर बसवलं. पोरं सायकलमागे धावत आली. पाण्याच्या पंपावर एनेलेसी बायकांना सांगत होती, "माझा भाऊ आज असता का? बापाने जन्म दिला आणि माझ्या नवऱ्याने परत दिला." संध्याकाळी सासूने आपल्या चुलीवरची कोंबडी पाठवली, आणि तिच्या पोटातला पेटा त्याच्यासाठी वेगळा काढलेला. पेटा आमच्याकडे घरातल्या मानाच्या माणसालाच देतात. आजवर त्या घरात तो जायलोसच्या ताटात जायचा.

"खा ना, मालिताचे बाबा," एनेलेसी म्हणाली. "आईने हाताने साफ केलाय."

त्याने न्सिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा मोडला, पेटा तोंडात घातला आणि चावत राहिला. गिळवेना. शेवटी बाहेर जाऊन थुंकला आणि वर माती ढकलली. कोंबड्यांनी ती लगेच उकरायला घेतली.

जायलोस प्लास्टर घालून घरी आला. शेजारीच त्याची झोपडी. सकाळी समोर आला की म्हणायचा, "बरं आहे ना, साहेब?" आणि बाजूला व्हायचा. थट्टा नाही, टोमणा नाही. योतामने स्वतःच एकदा काढून बघितलं, "मेव्हणे, आता हात मोडला, बहिणीला माराल कशाने?" जायलोसने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं आहे तुमचं." बस, एवढंच. एनेलेसीला वाटायचं भाऊ उपकाराखाली वाकलाय. तिने उलट भावालाच सुनावलं, "एवढं काय परक्यासारखं करतोस? दाजीच आहे ना तुझा?"

योताम आधी मॅडमकडे गेला. "मॅडम, मी तिला लांब नेलं नाही. मी घाबरून पळालो."

मॅडम म्हणाल्या, "अशा प्रसंगानंतर माणसाला असंच वाटतं. तू हादरलायस. जरा सुट्टी घे, घरी जा." आणि त्याच्यासोबत एक केक दिला. तो मीच केला होता.

मग रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मेंढ्या राखणाऱ्यांचं उदाहरण घेतलं. गडी असतो तो संकट बघितलं की कळप टाकून पळतो, म्हणाले. ज्याचं काळीज त्या कळपात आहे, तोच उभा राहतो. आणि हात लांब करून म्हणाले, "असं काळीज कसं असतं ते बघायला दूर जायला नको. ते त्या खांबापाशी बसलंय."

सगळ्या माना वळल्या. योताम उठून उभा राहिला. मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बाबा, तो गडी मी आहे," तो म्हणाला. "मी पळालो. पाहुण्यांना टाकून पळालो. वाटेत मेव्हणा आला, त्याला ढकलून पळालो. मी कुणाला वाचवलं नाही."

 मग पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," ते म्हणाले, "मोठं काम करूनही माणूस किती लहान होतो!" बायकांनी किलकाऱ्या मारल्या. एनेलेसीने सगळ्यांत मोठ्याने. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळे डोलायला लागले. योताम त्या गाण्याच्या मधोमध उभा, हात लोंबकळत. बसावं की उभं राहावं हेही त्याला सुचेना. जायलोस पुरुषांच्या बाकांवर टोकाला बसला होता. तो गात नव्हता.

चर्च सुटल्यावर योताम त्याच्यामागे गेला. मक्याच्या सुकलेल्या ताटांतून दोघं गावाच्या कडेपर्यंत गेले. शेवटी योताम म्हणाला, "मेव्हणे, मी सांगायचा प्रयत्न केला. कुणी ऐकतच नाही."

जायलोस थांबला. "पळालास ते मी कधीच सोडून दिलं," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो एकेरीवर आला होता. "ती हत्तीण मीही बघितली. तू ढकललं नसतंस तर मीच तुला ढकललं असतं, कुणास ठाऊक. भीती काय, कुत्र्यालाही असते आणि राजालाही असते."

"मग?"

"मग काय? त्या बाईने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. माझा हात लोंबतोय, हाड वर आलंय, आणि माझ्या डोळ्यांत बघून तू मान हलवलीस. तेव्हा हत्ती होता का तिथे?"

योताम मक्याच्या एका ताटाला धरून उभा राहिला.

"आणि मी तुझे आभार मानले. सगळ्या कॅम्पासमोर, गुडघे वाकवून. तेव्हाही तू उभा राहून घेतलेस. माझ्या आईने तुला पेटा दिला, तोही घेतलास. आता चर्चमध्ये उठून सांगितलंस, त्याचीही शाबासकीच घेतलीस. मी तुला साहेब म्हणू नको तर काय म्हणू?"

त्याच संध्याकाळी योताम माझ्या दारात आला. उन्हं उतरत होती, मी बाहेर भोपळ्याची पानं निवडत होतो. तो चटईवर न बसता मातीत बसला. तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं, चिखलात जाऊन बसल्याचंसुद्धा. मग म्हणाला, "काका, तुम्ही माझे मध्यस्थ. माझ्यावर तक्रार न्या."

"कोणाची?"

"माझीच. रीतीने न्या. कोंबडी घेऊन. नुसतं सांगितलं तर त्यांना विनय वाटतो."

मी म्हणालो, "अरे, विसरतील लोक. पाऊस पडला, पेरण्या लागल्या की कोण आठवतं?"

"जायलोस आठवेल," तो म्हणाला. "आणि मी."

आमच्यात अपराध कबूल करायचा तर मध्यस्थ कोंबडी घेऊन पुढे जातो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या अंगणात ती खाली ठेवतो. ती कापून सगळ्यांनी खाल्ली की माफी झाली. ज्याने अपराध केला तोच आपल्या विरुद्ध मध्यस्थ धाडतो, असं मी कधी पाहिलं नव्हतं. पण गेलो. जायलोसच्या आंब्याखाली त्यांच्या घरची माणसं बसली. एनेलेसी आईच्या बाजूला. सासूने जावयाचं तोंड बघायचं नसतं, म्हणून म्हातारी पाठ करून, झोपडीच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती.

मी पाय बांधलेली कोंबडी खाली ठेवली आणि जसं घडलं तसं सांगितलं. योताम खाली मान घालून प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत गेला. पळालास? हो. ढकललंस? हो. विचारलं तेव्हा खोटी मान हलवलीस? हो. कोंबडी बघितल्यावर कुणाला तो विनय वाटला नाही. विनयासाठी कुणी कोंबडी आणत नाही.

पहिल्यांदा म्हातारी बोलली. भिंतीशी बोलली. "भिंती गं, सांग त्याला. मी माझ्या लेकाच्या ताटातला पेटा काढून त्याला दिला. माझ्या हाताने लेकाचा मान काढला. ते पाप मला का करायला लावलं, विचार त्याला."

भिंत काय विचारणार!  मग एनेलेसी उठली. तिचा आवाज फाटला होता. "मी पंपावर काय काय बोलले! चर्चमध्ये मी ओरडले, सगळ्यांच्या वर! तुम्ही तिथे उभे राहून ऐकत होतात ना? आता त्या बायकांत मी जायचं कसं?" ती मालिताला घेऊन आत निघून गेली. आतून ती रडत असल्याचं ऐकू येत होतं. योताम रडला नाही.  आजवर जी शिवी त्याला कुणी दिली नव्हती ती आता मिळत होती, आणि मला खरं सांगायचं तर तो ती तहानलेल्यासारखा पीत होता. ते बघवत नव्हतं.

जायलोसने बराच वेळ मातीवर बोटाने रेघा ओढल्या. मग म्हणाला, "कोंबडी राहू दे. पण हात बरा होईपर्यंत कापायची नाही. आणि काका, तुम्ही, तो आणि मी, तिघं मॅडमकडे जाऊ. तिथेही असंच सांगायचं. मी मानलेले आभार मला तिथून परत आणायचेत."

गेलो. जायलोस समोर उभा असल्यावर मॅडमना केक देऊन पाठवता येईना. त्यांनी ऐकलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. "जायलोस, मीच तुला आभार मानायला लावले," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याची माफी मागितली. मग योतामकडे वळून त्यांनी सरळच सांगितलं की यापुढे त्यांच्या पाहुण्यांना घेऊन तो पायी जाणार नाही. गाडी चालवायची असेल तर चालवावी. योताम म्हणाला, "चालवतो." त्याने बूट काढून ठेवले आणि रबरी चपला घातल्या. पावसाआधी जायलोसचं शेतही त्यानेच खणलं, कारण जायलोसला फावडं धरता येत नव्हतं. एनेलेसी त्याच्यासाठी जेवण रांधायची, पण ताट मालिताच्या हाती पाठवायची. पेरण्या झाल्या तरी तिचं त्याच्याशी बोलणं मोजकंच होतं.

जायलोसचं हाड नीट बसलं नाही. हात कोपरात वाकडा राहिला. टोपली डोक्यावर धरून चालणं जमेना, तेव्हा मॅडमनी त्याला फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला तो डाव्या हाताने अडसर उचलून देतो. योतामची गाडी आली की उचलतो, काही बोलत नाही. कधीमधी चाकाकडे बघून म्हणतो, "हवा कमी आहे." ती कमी असतेही.

दुसऱ्या वर्षी हेलनबाई पुन्हा आल्या. एकट्याच. गाडीतून उतरल्या त्या थेट योतामकडे. "उद्या सकाळी आपण चालायला जायचं," त्या म्हणाल्या. "तुझी गोष्ट मी सगळ्यांना सांगितलीय. माझ्या नातवंडांना पाठ आहे."

योतामने त्यांचं सामान खाली ठेवलं. मी चहा घेऊन गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं. त्याने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. मी पळालो. ढकललं ते वाट मोकळी करायला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. बाई ऐकत होत्या. आधी हसू होतं ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. मग ते गेलं.

"पण मी बघितलं ना," त्या म्हणाल्या.

"तुम्ही चांगलं बघितलंत, बाई. मी तसा नव्हतो."

त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्या नव्या गाइडबरोबर चालायला गेल्या. संध्याकाळी योतामच्या गाडीत बसून सिंह बघायला जायचं ठरलं होतं, तर डोकं दुखतंय म्हणून खोलीतच राहिल्या. जायच्या दिवशी फाटकापाशी मात्र त्यांनी गाडी थांबवली. उतरल्या आणि जायलोसच्या वाकड्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.  शेवटी त्या म्हणाल्या, "मला माफ कर." जायलोस म्हणाला, "तुमचं काय चुकलं, बाई? ऊन फार होतं त्या दिवशी."

योताम स्टिअरिंगवर हात ठेवून पुढे बघत बसला होता. त्याने बाईंना विमानतळावर सोडलं. परत आल्यावर त्याने गाडी धुतली, आतली धूळ काढली, आणि माझ्याकडे येऊन रात्रीच्या पाहुण्यांसाठी लाकडं लागतील का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. तो कुऱ्हाड घेऊन गेला.